मुंबई ते लंडन: हवाई अंतर किती आणि प्रवासाला वेळ किती?

पुण्याच्या एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आई-बाबा मे महिन्यात पहिल्यांदाच मुंबईहून लंडनला, बाईंच्या धाकट्या बहिणीकडे जाणार आहेत. दोन शहरांमधले हवाई अंतर त्यांना कुठे ७,२०० किलोमीटर, तर कुठे साडेसात हजारांच्या आसपास दिलेले आढळले. विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात असेल तर आठ तास पुरायला हवेत, असा त्यांचा हिशोब आहे. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ ते दहा तास लागतात आणि येताना मात्र कमी लागतात, असे नातेवाईक सांगतात. तिकिटावर तर रात्री दोनला निघून सकाळी सातला पोहोचणार, म्हणजे जेमतेम पाच तास दिसतात. यातले कोणते आकडे धरून चालावे, आणि आखाती देशात विमान बदलून जाणे वेळेच्या दृष्टीने कितपत वाईट, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी सव्वीस वर्षे विमानांच्या उड्डाण नियोजनाचे काम केले. प्रत्येक उड्डाणापूर्वी त्याचा मार्ग, लागणारे इंधन आणि वेळ ठरवून तो आराखडा वैमानिकाच्या हाती देणाऱ्या माणसाला आमच्याकडे डिस्पॅचर म्हणतात. त्या अनुभवावरून सांगतो की बाईंनी दिलेले सगळे आकडे बरोबर आहेत. गोंधळ होतो तो ते निरनिराळ्या गोष्टींचे असल्यामुळे.

सरळ अंतरापासून सुरुवात करू. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यामधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरील कमीत कमी अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर आहे. आमच्या कामात किलोमीटर वापरत नाहीत, नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि त्या मापाने हे अंतर सुमारे ३,८९० भरते. पृथ्वी गोल असल्यामुळे ही सर्वांत जवळची वाट भिंतीवरच्या सपाट नकाशावर सरळ दिसत नाही; ती उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते. नेहमीच्या शाळकरी नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि एकच दिशा धरून त्या रेघेने विमान नेले, तर ते जवळपास दोनशे किलोमीटर जास्त उडेल. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. दोरा मुंबईतून पश्चिमेला समुद्रावर न जाता थेट वायव्येला जातो, हे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

हा दोरा कोणत्या प्रदेशांवरून जातो, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आजच्या प्रवासाचे सारे गणित त्यात आहे. तो मुंबईहून निघून कराचीवरून जातो, बलुचिस्तान ओलांडतो, इराणच्या पूर्व सीमेवरून आत शिरून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावर येतो, काळ्या समुद्राकाठच्या सोची या रशियन शहराजवळून पुढे युक्रेनमधील ओडेसाजवळ पोहोचतो, आणि मग पोलंड व स्लोवाकियाच्या सीमेवरील तात्रा पर्वत, जर्मनी असे करत इंग्लंडला लागतो. म्हणजे या वाटेवर पाकिस्तान आहे आणि युक्रेनही आहे. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि पुढे ती बंदी एकेका महिन्याने वाढवत नेली. त्यामुळे भारतीय कंपनीच्या विमानाला ७,२१० किलोमीटरची ती वाट नकाशावरच पाहता येते, तिच्यावरून उडता येत नाही.

मग विमान जाते कसे? मुंबईहून अरबी समुद्रावरून ओमानकडे, तिथून आखातावरून इराक किंवा इराण, पुढे पूर्व तुर्कस्तान, काळ्या समुद्राचा पश्चिम भाग, रोमेनिया किंवा बल्गेरिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि जर्मनी. मुंबई–मस्कत सुमारे १,५९० आणि मस्कत–लंडन सुमारे ५,८३० अशी बेरीज केली तर साधारण ७,४२० किलोमीटर होतात. विमान काही आखीव रेषेवरून जात नाही. ठरावीक हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रे आणि उतरण्यापूर्वीची वळणे यांमुळे त्यात आणखी थोडी भर पडते. काही ठिकाणी दिलेला साडेसात हजारांच्या आसपासचा आकडा असा येतो. तो प्रत्यक्ष उडण्याच्या अंतराचा आहे आणि प्रवाशाच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगी आहे.

मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे वळसा घालूनही तिचे नुकसान अवघे दोनशे-तीनशे किलोमीटरांचे होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दिल्लीचे तसे नाही. दिल्ली–लंडन हे सरळ अंतर सुमारे ६,७३० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळपास पाचशे किलोमीटरनी कमी आहे. पण पाकिस्तान टाळून ओमानच्या बाजूने जायचे झाले तर तेच ७,८०० च्या घरात जाते. एरवी लंडनला जवळ असलेली दिल्ली या वळशामुळे मुंबईपेक्षा लांब पडते. म्हणून मुंबईहून लंडनला जाणाऱ्याने केवळ तिकीट थोडे स्वस्त आहे म्हणून दिल्लीमार्गे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी ईशान्येकडे १,१४० किलोमीटर जायचे, तिथे थांबायचे, आणि मग पुन्हा दक्षिण-पश्चिमेला वळसा घालत पश्चिमेकडे निघायचे, यात वयस्क माणसांचा दिवस फुकट जातो.

असा प्रसंग पहिल्यांदाच आलेला नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश अचानक बंद केले, तेव्हा मी कामावर होतो. दुपारपर्यंत तयार झालेले त्या रात्रीच्या पश्चिमेकडील उड्डाणांचे आराखडे सगळे बाजूला ठेवून आम्हाला नव्याने करावे लागले. नवा मार्ग आखणे त्यातल्या त्यात सोपे होते. अवघड होते ते त्या मार्गासाठी लागणारे जास्तीचे इंधन बसवणे. बोइंग ७७७ सारखे मोठे विमान तासाला साधारण सात ते साडेसात टन इंधन जाळते. अर्धा तास वाढला की साडेतीन टन जास्त भरावे लागते. आणि ते जास्तीचे वजन नऊ-दहा तास वाहून नेण्यासाठीच आणखी इंधन लागते: निघताना जादा भरलेल्या प्रत्येक टनातला सुमारे पाव ते तिसरा हिस्सा तो टन वाहून नेण्यातच जळतो. विमानाच्या कमाल वजनाची मर्यादा गाठली की मालाचे काही खोके धक्क्यावर ठेवावे लागतात. ती बंदी १६ जुलै २०१९ ला उठली आणि त्या साडेचार महिन्यांत, नकाशावर काढलेले अंतर किती पटकन निरुपयोगी होते हे आमच्या खात्यातल्या नव्या मुलांनी पुरते शिकून घेतले. जून २०२५ मध्ये इराण आणि इराक यांचीही आकाशे संघर्षामुळे काही काळ बंद झाली, तेव्हा पर्यायी वाटही अडली होती. म्हणून जुन्या आकड्यावर विसंबू नये आणि प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात कंपनीने वेळ बदलली आहे का, हे अवश्य पाहावे. ब्रिटिश कंपन्यांना पाकिस्तानची ही बंदी लागू नाही, त्यामुळे याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या विमानांचा मार्ग आणि वेळ वेगळा असू शकतो.

आता वेळेकडे येतो. बाईंचा आठ तासांचा हिशोब तीन ठिकाणी कमी पडतो.

पहिले कारण अगदी साधे आहे. ताशी ९०० किलोमीटर हा वेग विमान उंचावर स्थिरावल्यानंतरचा आहे. चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो. शिवाय तिकिटावरची वेळ चाके जमिनीवरून उचलली गेल्यापासून मोजत नाहीत. विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते, त्या क्षणापासून ते लंडनला आपल्या जागी उभे राहून चाकांना अडण्या लागेपर्यंतची वेळ मोजतात. तिला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत, आणि रात्री परदेशी विमानांची गर्दी असताना धावपट्टीच्या तोंडाशी वीस-पंचवीस मिनिटे रांगेत जाणे नित्याचे आहे. लंडनलाही तसेच होते. हीथ्रोवर उतरणारी विमाने गर्दीच्या वेळी शहराभोवतीच्या चार ठरावीक ठिकाणी, म्हणजे बोव्हिंग्डन, लॅमबोर्न, ऑकम आणि बिगिन हिल या भागांवर, एकावर एक उंचीवर गोल फिरत आपल्या पाळीची वाट पाहतात. आई-बाबांना सांगून ठेवावे की खिडकीतून तेच शेत दुसऱ्यांदा दिसले तर घाबरू नये. दहा-पंधरा मिनिटांत पाळी येते आणि या घिरट्यांचे इंधन आम्ही आधीच भरलेले असते.

दुसरे आणि सर्वांत मोठे कारण वारा. दहा ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो अरबस्तान, इराण आणि उत्तर भारत यांच्यावर येऊन बसतो आणि त्याच्या गाभ्यात वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. विमान हवेत उडते, आणि ती हवा स्वतःच पूर्वेकडे सरकत असते. संपूर्ण वाटेवर सरासरी ५० किलोमीटरचा विरोधी वारा धरला, तर जमिनीच्या हिशोबाने वेग ९०० ऐवजी ८५० होतो आणि ७,४२० किलोमीटरला आठ तास पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. परतीच्या प्रवासात तोच वारा पाठीशी असतो, वेग ९५० होतो, आणि तेवढेच अंतर पावणेआठ-आठ तासांत कापले जाते. यात चढ-उताराची आणि जमिनीवर जाणारी वेळ मिळवली म्हणजे जाताना साडेनऊ ते दहा आणि येताना पावणेनऊ ते सव्वानऊ तास होतात, आणि ते नातेवाइकांच्या सांगण्याशी जुळतात.

हा फरक वर्षभर सारखा राहत नाही. पावसाळ्याच्या महिन्यांत पश्चिमी वाऱ्याचा हा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, उलट दिशेचा पूर्वेकडून येणारा जोरदार वारा तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी तो पहिल्यांदा उजेडात आणला. त्या दिवसांत जाण्या-येण्यातला फरक कमी होतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत तो सर्वांत जास्त असतो. मे महिना या दोहोंच्या मध्ये येतो. आई-बाबांना जाताना साडेनऊ-पावणेदहा तास धरायला हरकत नाही.

तिसरे कारण असे की कंपन्या छापील वेळेत थोडी सवड ठेवतात, म्हणजे किरकोळ उशीर झाला तरी विमान वेळेवर पोहोचले असे नोंदता येते. मला ही सवय पूर्वी खटकत असे. पण पुढच्या विमानाची वेळ गाठायची असणाऱ्या प्रवाशांचा विचार केला तर तीच पद्धत बरी, असे माझे मत होत गेले.

तिकिटावरचे पाच तास हा केवळ घड्याळांचा फरक आहे. तिकिटावर निघण्याची वेळ भारताची आणि पोहोचण्याची वेळ ब्रिटनची, अशी प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापण्याची जगभर रीत आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आपल्याकडे असे करत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात भारत ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेपाच तास. मे महिन्यात रात्री दोनला निघून सकाळी सातला पोहोचणे म्हणजे पाच अधिक साडेचार, असे साडेनऊ तास. हिवाळ्यात लंडनहून रात्री साडेनऊला निघालेले विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी पावणेबाराला आले, तर घड्याळात सव्वाचौदा तास दिसतात आणि त्यातून साडेपाच वजा केले की खरे पावणेनऊ उरतात. पश्चिमेकडे जाताना फरक मिळवायचा, पूर्वेकडे येताना वजा करायचा. परतीचा प्रवास ऑक्टोबरनंतर असेल तर फरक बदललेला असेल, हे विसरू नये. वडिलांना किंवा आईंना ठरावीक तासांनी घ्यायची औषधे असतील, विशेषतः मधुमेहाची, तर दोन डोसांमधले तास घड्याळावरून न धरता प्रत्यक्ष किती जातील ते मोजून आपल्या डॉक्टरांकडून तक्ता लिहून घ्यावा.

आखातातून जाण्याविषयी लोकांचा सहसा असा समज असतो की ती फार लांबची वाट आहे. अंतराच्या दृष्टीने तसे मुळीच नाही. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–लंडन सुमारे ५,५०० मिळून ७,४३० किलोमीटर होतात. वर सांगितलेल्या वळशाच्या मार्गाइतकेच हे अंतर आहे, कारण थेट विमानही आता त्याच बाजूने जाते. दोहामार्गे त्याहून किंचित जास्त होते. वेळ वाढतो तो दोनदा चढण्या-उतरण्यात आणि मधल्या थांब्यात. दोन उड्डाणांचे मिळून साधारण अकरा तास आणि त्यात दोन-तीन तासांचा थांबा धरला, तर थेट विमानापेक्षा चार तास जास्त लागतात. तरुण माणसाला हे परवडते, पायही मोकळे होतात. पण पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या, भाषेची अडचण असलेल्या ज्येष्ठांना मोठ्या विमानतळावर अर्ध्या रात्री दुसरे दार शोधत पळायला लावण्यापेक्षा थेट विमानाचे चार-पाच हजार रुपये जास्त गेलेले बरे. थेट विमान मिळत नसेल तर मधला थांबा दीड तासाचा न घेता तीन तासांचा घ्यावा आणि तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. त्या खुर्चीबरोबर रस्ता माहीत असलेला माणूस येतो, हा तिचा खरा उपयोग आहे.

पुण्याच्या घरापासून मोजायचे तर हिशोब असा होतो. पुणे–मुंबई विमानतळ हा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता चार तासांचा धरावा, आणि घाटातली किंवा पनवेलपुढची कोंडी गृहीत धरून वर एक तास ठेवावा. नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला असल्याने तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे ते गाडी ठरवण्याआधी वाचून घ्यावे. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. म्हणजे रात्री दोनच्या विमानासाठी पुण्याहून संध्याकाळी सहाच्या सुमारास निघायला हवे. पुढे साडेनऊ-पावणेदहा तास विमानात, आणि हीथ्रोवर पारपत्र तपासणी व सामान मिळून एक ते दोन तास. दारापासून दारापर्यंत हा सगळा प्रवास वीस तासांच्या आसपास जातो, आणि त्यातला निम्माच काळ विमान हवेत असते.

बहिणीने हीथ्रोला कधी यावे, हेही यावरून ठरवता येते. सातची वेळ विमान जागेवर उभे राहण्याची आहे, आई-बाबा बाहेर येण्याची नाही. पहाटेच्या त्या तासांत अनेक देशांची विमाने एकामागोमाग उतरत असल्याने तपासणीच्या रांगा लांब असतात. विमान प्रत्यक्ष उतरल्याचे फोनवर पाहून तिने घरातून निघावे आणि आठच्या सुमारास बाहेर पडण्याच्या दाराशी उभे राहावे; त्याआधी तिथे पोहोचून काही साधणार नाही. ती कोणत्या टर्मिनलवर थांबणार, हे मात्र दोघांच्या तिकिटाच्या मागे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्यावे, कारण हीथ्रोची टर्मिनले एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ नेहमीच नसतात.